टीव्हीत माणूस आधी बोलतो, आवाज मागून येतो: ब्लूटूथ ट्रान्समीटर वापरलाय का कुणी?

शाहूपुरीकर | रविवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. साताऱ्याहून लिहितेय. आमचे सासरे, आबा, ७६ वर्षांचे आहेत. तीस वर्षं एसटी चालवली. जुन्या गाड्यांत इंजिनाचं बॉनेट आतच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं. त्या घरघरीत डावा कान बराच गेलाय, उजवा थोडा बरा आहे. रात्री जेवणं झाली की कीर्तन, नाहीतर कुस्त्यांचे फड, नाहीतर जुनी नाटकं लावून बसतात. टीव्हीचा आवाज ४५ वर. हॉल आणि मुलीची खोली यांच्यात एकच भिंत, आणि मुलगी यंदा दहावीला. तिनं तक्रार केलेली नाही, पण कानात कापसाचे बोळे घालून गणितं सोडवताना मी तिला बघितलं आणि ठरवलं की काहीतरी केलं पाहिजे.

मागच्या महिन्यात कानावरून बसणारा ब्लूटूथ हेडफोन आणला. टीव्हीत ब्लूटूथ आहेच, लगेच जोडला गेला. पहिल्याच रात्री आबा म्हणाले, "पोरी, महाराज तोंड मिटत्यात आन् मग शब्द येतोय." दोन दिवस रेटलं, तिसऱ्या दिवशी काढून ठेवला. आवाज परत ४५ वर. गंमत अशी की तोच हेडफोन माझ्या मोबाईलला लावला तर व्हिडिओ अगदी बरोबर चालतो!

दुकानदार म्हणाला, वेगळा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावा, म्हणजे टीव्हीचा आवाज हेडफोनकडं पाठवणारी वेगळी डबी. टीव्हीत ब्लूटूथ असताना वेगळा कशाला? आणि लावला तर हा उशीर खरंच जातो का? कुणी वापरत असेल तर नीट सांगा, पैसे वाया घालवायची ऐपत नाही.

भडंगप्रेमी | रविवार, रात्री ११.५८

आमच्याकडं सगळा मोहल्लाच उशिरा चालतो. शेजारी केबल, आमच्यात इंटरनेटवर मॅच. विकेट पडली की आधी शेजारचे काका ओरडतात, मग आमचा बॉलर पळायला लागतो.

मिरजेचा_मेकॅनिक | सोमवार, सकाळी ७.३०

भडंगप्रेमी, तुमचा उशीर वेगळा. त्यात चित्र आणि आवाज दोन्ही मागं असतात, म्हणून ओठ-शब्द जुळतात. ताईंच्या घरी चित्र वेळेवर आहे आणि एकटा आवाज मागं राहिलाय.

ताई, ट्रान्समीटर घेण्याआधी हेडफोनचं खोकं शोधा आणि त्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते इथं टाका. कारण उशीर एकट्या टीव्हीमुळे होत नाही, दोन्ही टोकं मिळून होतो.

ब्लूटूथवरून आवाज आहे तसा जात नाही. पाठवणारा तो दाबून-आवळून लहान लहान पुडक्यांत बांधतो, पलीकडचा सोडवतो. या बांधण्या-सोडवण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी नावाचा कोडेक सगळ्या ब्लूटूथ हेडफोनना सक्तीचा आहे, त्यामुळे दुसरं काही जुळलं नाही की गाडी एसबीसीवर येते. आता लोकांना वाटतं की वेळ बांधण्यात जातो. तसं नाही, तिथं फार थोडे मिलिसेकंद लागतात. खरा वेळ जातो साठवणीत. आपल्याकडं नळाला पाणी कधी येतं, कधी जातं, म्हणून आपण गच्चीवर टाकी ठेवतो. टाकी भरलेली असली की मधे पाणी गेलं तरी बेसिनचा नळ चालू राहतो. हेडफोनही तसाच थोडा आवाज आधी साठवून मग कानात सोडतो, म्हणजे एखादं पुडकं हवेत हरवलं तर परत मागवायला सवड मिळते. टाकी मोठी तेवढा उशीर जास्त. साध्या एसबीसीवर हा उशीर साधारण १५० ते २५० मिलिसेकंद निघतो. म्हणजे सेकंदाचा पाव भाग म्हणा.

मोबाईलवर का जाणवत नाही, तर मोबाईलला माहीत असतं की हेडफोन किती मागे आहे. व्हिडिओचं ॲप तेवढंच चित्र रोखून धरतं. टीव्हीवर सेट-टॉप बॉक्समधून येणारं चित्र असं कुणी रोखत नाही.

विश्रामबागकर | सोमवार, सकाळी ९.१०

एवढं पुराण कशाला? ५ मीटरची हेडफोनची एक्स्टेन्शन वायर आणा. दोनेकशे रुपयांत काम. वायरीत उशीर शून्य, चार्जिंग नाही, जोडाजोडी नाही. आमचे वडील गेली चार वर्षं असंच ऐकतात.

शाहूपुरीकर | सोमवार, दुपारी १.१५

विश्रामबागकर दादा, वायर आम्हीही लावून पाहिली होती. आबांची खुर्ची टीव्हीच्या समोरच्या भिंतीला आहे आणि मधून बाथरूमकडं जायची वाट. रात्री ते स्वतःच तीन वेळा उठतात. दुसऱ्याच दिवशी वायर पायात आली, टीपॉय धरला म्हणून वाचले.

मेकॅनिक दादा, खोक्यावर "ब्लूटूथ ५.३" मोठ्या अक्षरात आहे. खाली बारीक "एसबीसी, एएसी".

वाड्यातली | सोमवार, दुपारी १.४०

वायर नकोच. माझी आई अशाच एका वायरीला अडकून पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं. दोनशे रुपये वाचवायला जाऊन सहा महिने अंथरुणात गेले. म्हाताऱ्या माणसांच्या वाटेत काहीही लोंबकळत ठेवू नका, हात जोडून सांगते.

विश्रामबागकर | सोमवार, दुपारी २.०५

वाड्यातली ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडं खुर्ची टीव्हीला लागूनच आहे म्हणून निभावतं. माझा सल्ला ज्यांची खोली लहान आहे त्यांच्यापुरता धरा.

मिरजेचा_मेकॅनिक | सोमवार, रात्री ९.२०

मग उत्तर सोपं आहे, ताई. ५.३ आकडा बघून फसू नका. तो आकडा रेडिओच्या आवृत्तीचा आहे, त्यावरून उशीर कळत नाही. तुमचा हेडफोन एसबीसी आणि एएसी हे दोनच कोडेक ओळखतो. याच्यापुढं कितीही भारी ट्रान्समीटर ठेवला तरी तो एसबीसीवरच, फार तर एएसीवर बोलणार, आणि टाकी हेडफोनातली असल्यानं उशीर जवळजवळ तेवढाच राहणार. दुकानात नेमकं हेच सांगत नाहीत.

तुम्हाला जोडी लागेल. ॲप्टएक्स लो लेटन्सी (म्हणजे कमी उशीर) असं ज्याचं पूर्ण नाव आहे तो कोडेक ट्रान्समीटरमध्येही हवा आणि हेडफोनमध्येही. दोन्हीकडं असला तर उशीर सुमारे ४० मिलिसेकंदांवर येतो. नुसतं "ॲप्टएक्स" किंवा "ॲप्टएक्स एचडी" लिहिलेलं असेल तर ते चालणार नाही; ते आवाजाच्या दर्जासाठी आहेत, उशिरात फारसा फरक पाडत नाहीत. टीव्हीतल्या ब्लूटूथमध्ये लो लेटन्सी सहसा नसतोच, म्हणून वेगळा ट्रान्समीटर.

अडचण अशी की ॲप्टएक्सवाल्या क्वालकॉम कंपनीनं पुढं ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्हवर भर दिला, त्यामुळे लो लेटन्सीवाले हेडफोन आता शोधावे लागतात. दोन्ही टोकांना ॲडॅप्टिव्ह असेल तर तेही चालेल, उशीर थोडा जास्त पण एसबीसीपेक्षा खूप कमी. एका टोकाला लो लेटन्सी आणि दुसऱ्याला ॲडॅप्टिव्ह अशी जोडी मात्र नको. ती साध्या ॲप्टएक्सवर येऊन थांबते.

गोडोलीचा_गेमर | सोमवार, रात्री १०.४५

मेकॅनिक काका, एवढी शोधाशोध कशाला? यूएसबी डोंगलवाले गेमिंग हेडसेट मिळतात. ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यात चालतात पण ब्लूटूथ नाही, त्यांची आपापसातली भाषा. मी रात्रभर खेळतो, गोळीचा आवाज आणि चित्र एकदम. नाहीतर "गेम मोड"वाले इअरबड घ्या, त्यात टाकीच बारीक करतात.

मिरजेचा_मेकॅनिक | सोमवार, रात्री ११.००

डोंगलबद्दल तू बरोबर आहेस, पण ते कॉम्प्युटरला. बहुतेक टीव्ही यूएसबीतून फक्त पेन ड्राइव्ह ओळखतात, आवाज बाहेर देत नाहीत. तुझा डोंगल आबांच्या टीव्हीला लावला तर दिवा लागेल आणि पुढं काही होणार नाही. असे हेडसेट टीव्हीच्या ऑप्टिकल भोकाला (जिथून आवाज उजेडाच्या रूपात बाहेर पडतो) जोडायच्या स्टँडसहही येतात, तो पर्याय चांगला आहे, फक्त महाग.

गेम मोडचे इअरबड दुकानात मोजून बघितलेत. खोक्यावर ५० लिहिलेले एक ९० च्या आसपास भरले. वाईट नाही ते. पण ७६ वर्षांच्या माणसाच्या हातात रोज ती बारीक बोंडं कशी द्यायची? पडली की सोफ्याखाली.

हरिपूर_घाट | मंगळवार, सकाळी ८.००

मी साउंडचं काम करतो, नाटकं आणि उघड्या मैदानावरचे कार्यक्रम. या मिलिसेकंदांचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब सांगतो, मला तो फार उपयोगी पडलाय.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ४० मिलिसेकंद उशीर म्हणजे तुम्ही स्टेजपासून साधारण १४ मीटरवर, मधल्या रांगेत बसलात. कुणाला काही खटकतं का? नाही. आणि २०० मिलिसेकंद म्हणजे तुम्ही जवळजवळ ७० मीटरवर उभे. नदीच्या पलीकडच्या घाटावर कुणी कपडे आपटताना बघितलंय? हात खाली येतो, आणि हात परत वर जायला लागला की धप्प ऐकू येतं. आबांच्या महाराजांचं तेच झालंय, ते हॉलमध्ये बसून नदीपलीकडून बोलतायत.

मैदानात आम्ही मागं जे स्पीकर लावतो ते मुद्दाम उशिरा वाजवतो. स्टेजपासून ३४ मीटरवरच्या स्पीकरला १०० मिलिसेकंद थांबवायचं, नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आमच्या सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तेव्हा ना माईक होता ना स्पीकर, नटाचा गळा आणि प्रेक्षकाचा कान. आज आमचं अर्धं काम उशीर मोजण्यातच जातं.

आवाज मागं राहिला तर माणूस बरंच खपवून घेतो, कारण जन्मापासून वीज आधी आणि गडगडाट मग हे आपण बघत आलोय. आवाज पुढं धावला तर मात्र लगेच टोचतं. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची टीव्ही प्रसारणासाठी एक शिफारस आहे, त्यात धरलंय की आवाज ४५ मिलिसेकंद पुढं गेला की लोकांना कळायला लागतं, आणि मागं राहिला तर १२५ नंतर. म्हणून ४०-५० वर आलात की जिंकलात. शून्याच्या मागं लागू नका.

कानाची_काळजी | मंगळवार, दुपारी ३.३०

मिरजेत श्रवणतपासणीचं काम करते. हरिपूर_घाट यांचा हिशोब आवडला, पण त्यात एक भर घालायची आहे. ते आकडे चांगल्या कानांच्या माणसांचे आहेत.

ऐकू कमी येणारी माणसं ओठ वाचतात. त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं. कुणी शिकवलेलं नसतं, वर्षानुवर्षांत आपोआप जमतं. "प" आणि "त" कानाला सारखे वाटले तरी ओठ मिटले की नाही हे डोळे सांगतात. आबांना "तोंड मिटल्यावर शब्द येतो" हे पहिल्याच रात्री कळलं याचं कारण हेच असणार. त्यांच्यासाठी हा उशीर म्हणजे नुसतं खटकणं नाही, अर्धे शब्द हातचे जाणं आहे. घरातले म्हणतात "एवढं काय, ऐकू तर येतंय ना", आणि तो माणूस गप्प बसतो. हे मी रोज बघते. म्हणून शाहूपुरीकर ताई, तुम्ही त्यांचं बोलणं मनावर घेतलंत याचा मला खरंच आनंद झाला.

आता दोन विनंत्या. आधी कानांची तपासणी करून घ्या. दोन कानांत फरक असेल तर हेडफोनचा डावा-उजवा तोल वेगळा ठेवावा लागतो, आणि ती सोय हेडफोनात किंवा टीव्हीत आहे का ते बघून घ्या. दुसरं, हेडफोन मिळाला म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. त्याहून मोठा ऐकलात तर तास झपाट्यानं कमी होतात. उरलेला कान जपायचा आहे. पुढं श्रवणयंत्र घ्यायची वेळ आली तर त्यासोबत टीव्हीला जोडायचा वेगळा ट्रान्समीटर मिळतो का, हे यंत्र घेतानाच विचारा.

शाहूपुरीकर | मंगळवार, रात्री १०.२०

ताई, तुमचा प्रतिसाद मी आबांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ष्टॅन्डवर कंडक्टर काय वरडतोय ते मी आरशात तोंड बघूनच वळखायचो." आम्हाला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तपासणीची वेळ घेतलीय.

तानपुरा_घर | बुधवार, सकाळी ६.१५

मध्येच एक विचारते. माझा मुलगा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड शिकतो. घरी रियाजाच्या वेळी आवाज नको म्हणून हाच ४० मिलिसेकंदवाला ट्रान्समीटर लावला तर चालेल ना?

हरिपूर_घाट | बुधवार, सकाळी ७.४०

नाही, कृपा करून नको. बघणाऱ्याला ४० चालतात, वाजवणाऱ्याला नाही. बोट पट्टीवर पडलं आणि सूर ४० मिलिसेकंदांनी आला की हात नकळत थांबून ऐकायला लागतो, आणि लय हळूहळू मंदावत जाते. दहाच्या पुढं गेलं की चांगल्या वादकाला जड हात जाणवतो. तबल्याच्या दुगुणीत तर विचारूच नका. मुलाला वायरचा हेडफोन द्या, तिथं वाट अडवायचा प्रश्नही नाही, तो कीबोर्डसमोरच बसलेला असतो.

गोडोलीचा_गेमर | बुधवार, सकाळी ९.५५

मग मी ४० वर खेळतो ते?

हरिपूर_घाट | बुधवार, सकाळी १०.१०

तू समोरच्याच्या आवाजावर धावतोस. वादक स्वतःच्याच आवाजावर उभा असतो. तिथं दुसरा कुणी नसतो मध्ये.

तानपुरा_घर | बुधवार, सकाळी १०.३०

समजलं. वायरच घेते. आमच्या गल्लीत सतारी बनतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले होते. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, लावताना कारागीर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढंमागं सरकवून कानानं ऐकत बसतात, तासन् तास. त्यांच्यात राहून मुलाच्या कानाला उशिराची सवय लावली असती तर वाईट वाटलं असतं.

वाड्यातली | बुधवार, दुपारी १२.००

शाहूपुरीकर, मी दोन वर्षं ट्रान्समीटर वापरतेय, आईसाठी. मेकॅनिकदादांनी काय घ्यायचं ते सांगितलंय, मी लावताना काय होतं ते सांगते.

टीव्हीच्या मागं चौकोनी, झाकण असलेलं भोक असतं, त्यात लाल उजेड दिसतो, ते ऑप्टिकल. तिथून जोडा. हेडफोनच्या गोल भोकात लावलं तर बऱ्याच टीव्हींचे स्पीकर बंद होतात आणि बाकीच्यांना ऐकू येत नाही. ऑप्टिकलच्या वायरीला टोकाला बारीक प्लास्टिकची टोपी असते, ती काढायची राहून जाते. मी अर्धा तास तशीच ठोकत होते.

जोडून आवाज आला नाही तर घाबरू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज "डॉल्बी" किंवा "ऑटो"वर असतो, तो "पीसीएम" करा. बरेच ट्रान्समीटर डॉल्बी समजू शकत नाहीत, मुके होतात.

ट्रान्समीटरला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, जुना मोबाईल चार्जर लावा. टीव्ही बंद झाला की यूएसबी मरते आणि काही ट्रान्समीटर परत जोडायला कुरकुरतात. शिवाय गोल भोकातून जोडणाऱ्यांना यूएसबीमुळे बारीक गुणगुण ऐकू येते. ऑप्टिकलमध्ये उजेडच जातो, तार नाही, म्हणून ती येत नाही.

आणि डबी टीव्हीच्या पाठीमागं लपवू नका. आमच्या वाड्याच्या भिंती दोन हात रुंद, दगड-मातीच्या. डबी मागं होती तेव्हा आई देवघरात गेली की आवाज तुटायचा. पुढच्या फळीवर आणून ठेवली, आता स्वयंपाकघरापर्यंत जातो. वायफायचा राउटरही जरा लांब सरकवला, दोघं एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात.

विश्रामबागकर | बुधवार, दुपारी २.३०

टीव्हीच्या सेटिंगमध्ये "एव्ही सिंक" नावाचं काहीतरी असतं ना? ते फिरवून फुकटात जमत नाही का?

मिरजेचा_मेकॅनिक | बुधवार, दुपारी ३.००

चांगला प्रश्न, गिऱ्हाईकं रोज विचारतात. ते बहुतेक टीव्हींत आवाज मागं ढकलायला असतं, साउंडबार पुढं धावत असेल तेव्हा. आपल्याला उलटं हवंय. टीव्हीपर्यंत अजून न आलेला आवाज तो आधी कसा देणार? कॉम्प्युटरवरच्या फाइलची गोष्ट वेगळी, तिथं पूर्ण फाइल हाताशी असते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जे आणि के या कळा दाबून आवाज ५०-५० मिलिसेकंद मागंपुढं करता येतो. लॅपटॉपवर नाटकं बघणाऱ्यांना एक पैसा खर्च करायची गरज नाही.

कऱ्हाडकर_पाहुणा | बुधवार, रात्री ९.४५

मी म्हणेन थोडं थांबा. ब्लूटूथच्या संघटनेनं २०२० च्या जानेवारीत एलई ऑडिओ जाहीर केलं, त्यात एलसी३ हा नवा कोडेक आहे. कमी जागेत चांगला आवाज आणि मुळातच कमी उशीर. त्याचाच एक भाग म्हणजे ऑराकास्ट. एक ट्रान्समीटर आणि ऐकणारे कितीही, रेडिओसारखं. आबा एका हेडफोनवर, आजी दुसऱ्यावर, जोडाजोडीची मर्यादा नाही.

हरिपूर_घाट | बुधवार, रात्री १०.००

हे नाट्यगृहात आलं तर माझ्यासारख्याला दिवाळी. कितीतरी जुने प्रेक्षक ऐकू येत नाही म्हणून यायचे बंद झालेत. एक काका दर प्रयोगाला पहिल्या रांगेचंच तिकीट मागायचे, नसेल तर घरी परत. आता येतच नाहीत. त्यांच्या हातात एक हेडफोन देता आला असता.

वाड्यातली | बुधवार, रात्री १०.१५

पाहुणे, नवीन येईल ते येवो. आबा ७६ चे आहेत आणि पोरीची दहावी यंदा आहे. त्यांनी का थांबायचं?

कऱ्हाडकर_पाहुणा | बुधवार, रात्री १०.२०

मान्य. आज लागतंय ते आज घ्या. मी नवीन घेणाऱ्या बाकीच्यांसाठी म्हणत होतो.

शाहूपुरीकर | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११.१०

मंडळी, उशिरा लिहितेय, पण सगळं सांगते.

तपासणी झाली. डावा कान बराच गेलाय, उजव्याला मध्यम. यंत्राचं नंतर बघू म्हणाले. मेकॅनिक दादांनी सांगितलं तसं दोन्हीकडं ॲप्टएक्स लो लेटन्सी बघूनच जोडी घेतली. ट्रान्समीटर २,८०० ला पडला, हेडफोन त्याहून जास्त. जुना हेडफोन मुलीला दिला, मोबाईलवर तिचे तास ऐकायला.

जोडलं आणि आवाज नाही! वाड्यातली ताई, तुमच्या आठवणीनं टोपी आधीच काढली होती, पण पीसीएम राहिलं होतं. ते केलं आणि आबांनी एकदम मान वर केली.

उशीर खरंच कमी झाला का, हे मुलीनं मोजलं. मला सुचलंच नसतं. तिनं आधी मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला, मी लाटण्यानं स्टीलच्या ताटावर मारतेय. तो टीव्हीवर लावला. मग हेडफोनची एक वाटी मोबाईलच्या माईकवर दाबून धरून टीव्हीच्या पडद्याचं परत शूटिंग केलं, सेकंदाला ६० चित्रांचं. एडिटिंगच्या ॲपमध्ये एकेक चित्र पुढं सरकवत लाटणं ताटाला टेकलं कुठं आणि आवाजाची उंच रेघ आली कुठं ते मोजलं. एक चित्र म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरला १ चित्राचा फरक आला. जुन्या हेडफोनला टीव्हीच्या ब्लूटूथवर १३. नव्या जोडीला ३. टीव्हीचं एक वजा केलं तर २००, आणि आता ३३ च्या आसपास. वहीत तक्ता करून ठेवलाय तिनं.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटनं हेडफोनचा आवाज कमी-जास्त होत नाही, तो हेडफोनवरच करायचा. आमच्यासाठी ते उलट सोयीचं निघालं. सासूबाई शेजारी बसून स्पीकरवर १२ वर ऐकतात, आबा हेडफोनवर हवा तेवढा. फक्त आबांनी एक कान उघडा ठेवला तर शब्द दुहेरी येतो, हरिपूर_घाट दादांच्या मैदानासारखा. वाट्या दोन्ही कानांवर नीट बसवल्या की नाही येत.

मिरजेचा_मेकॅनिक | रविवार, रात्री ११.३०

ताई, मुलीला माझ्या दुकानात सुट्टीत पाठवा. ही मोजायची पद्धत मी उद्यापासून वापरणार. टीव्हीचं वजा करायचं तिला सुचलं याचं मला विशेष वाटतं. ट्रान्समीटरवरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे तेही बघून ठेवा. बऱ्याच डब्यांवर लो लेटन्सी जुळल्याचा रंग वेगळा असतो. कधी दुसरा हेडफोन जोडलात तर काही ट्रान्समीटर गुपचूप एसबीसीवर उतरतात, रंगावरून लगेच कळेल.

कानाची_काळजी | सोमवार, सकाळी ८.१५

उजवीकडचा आवाज किती ठेवलाय? आणि आबा आता ओठ बघतात का?

शाहूपुरीकर | सोमवार, रात्री ११.००

मेकॅनिक दादा, दिवा हिरवा आहे, पुस्तिकेत तोच रंग लिहिलाय.

ताई, हेडफोन अर्ध्याच्या खालीच आहे, मी कानाला लावून बघते रोज. ओठ बघतातच. परवा कीर्तनात महाराजांनी अभंगाचा पहिला शब्द उचलला आणि आबांनी त्याच वेळी मांडीवर टाळी दिली, आमच्या आधी. स्पीकर बंद होता, आम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं, हॉलमध्ये फक्त त्यांची टाळी.

झोपताना हेडफोन स्वतःच चार्जिंगला लावतात. दाराशेजारी जुना खिळा आहे, ड्युटीवरून आले की खाकी टोपी अडकवायचे तो. त्यावरच टांगतात, खालच्या प्लगपर्यंत वायर बरोबर पोचते.